एका खिडकीचे रावकाका

रावकाका वाचता वाचता मध्येच थांबत आणि मान वळवून मागे पाहत. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा, न चुकता. चेन्नईजवळच्या आवडी स्टेशनपाशी असलेल्या ब्राउझिंग सेंटरमध्ये, म्हणजे सायबर कॅफेत, त्यांची जागा ठरलेली होती, अगदी कोपऱ्यातली. मागे फक्त भिंत आणि भिंतीवर एका कापड दुकानाचे कॅलेंडर. तिथे पाहण्यासारखे काही नव्हते. तरी ते पाहत, क्षणभर कान देऊन थांबत आणि पुन्हा पडद्याकडे वळून सोडलेल्या ओळीपासून पुढे वाचू लागत. डोळ्यांना विश्रांती देण्याची ही त्यांची रीत असावी, असे मला वाटे. मी ती उचललीही. गिंडीच्या आमच्या कारखान्यात संगणकावर बसणाऱ्या चौघांना मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते, "दर पंधरा मिनिटांनी मागे पाहा. डोळे चांगले राहतात." त्यांतले दोघे अजूनही पाहतात. त्यांच्या माना वळल्या की आता मला तिथे बसवत नाही.

मी परभणी जिल्ह्यातला, जिंतूरच्या शाळेत शिकलेला. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला पहिला मीच. इंजिनिअर झालो आणि २००३ साली गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मालाची तपासणी करण्याची नोकरी मिळाली. तमिळचा एक शब्द येत नव्हता. कारखान्यातल्या कुणीतरी सांगितले, आवडीला एक मराठी म्हातारे एकटे राहतात, त्यांची गच्चीवरची खोली रिकामी आहे. गाडीने सेंट्रल, रस्ता ओलांडून पार्क स्टेशन, तिथून एग्मोरवरून गिंडी, असा लांबचा प्रवास रोज करावा लागणार होता. पण मराठी ऐकायला मिळेल म्हणून मी होकार दिला.

दार उघडून ते म्हणाले, "ये बैस. कोठचा तू?" मराठी होती, पण तिचा हेल तमिळ होता आणि शब्द आमच्या आजीच्याही आधीच्या काळातले. त्यांचे पूर्वज तंजावरचे. कित्येक पिढ्यांत त्यांच्या घरातल्या कुणी महाराष्ट्र पाहिला नव्हता. "जिंतूर" हा शब्द त्यांना फार आवडला. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी जिंतूरच झालो. "काय रे जिंतूर, जेवलास काय?" "जिंतूर, तुज मराठी बरी येत नाही रे, अर्धी इंग्रजीच बोलतोस," असे स्वतः प्रत्येक वाक्यात दोन तमिळ शब्द घालून ते मला ऐकवत.

आवडीच्या संरक्षण कारखान्यात ते तेहतीस वर्षे तपासनीस होते. मीही त्याच कामातला म्हटल्यावर त्यांनी मला आपलेच मानले. काम तेच असले तरी आमच्या रीती फार वेगळ्या होत्या. आमच्याकडे शंभर नगांतले पाच मोजून कागदावर सही करत. काका ऐकून म्हणाले, "जे पाह्यले नाही त्यावर सही? मज तर झोप येणार नाही." त्यांच्या सहीखाली गेलेला प्रत्येक नग त्यांच्या हातातून गेलेला असे, असे कॉलनीतले जुने लोकही सांगत.

ब्राउझिंग सेंटर चालवणारी सेल्वी त्यांना "ओरे जन्नल ताता" म्हणे, म्हणजे एका खिडकीचे आजोबा. कारण ते पडद्यावर कधीही दुसरी खिडकी उघडत नसत. शेजारच्या खुर्च्यांवरची मुले एका वेळी आठ-दहा खिडक्या उघडून गप्पा मारत, गाणी उतरवून घेत, क्रिकेटचा स्कोअर पाहत. काका खिशातून एक चिठ्ठी काढून कीबोर्डजवळ ठेवत. तीवर पेन्सिलीने एकच ओळ असे, आज काय वाचायचे आहे त्याची. कधी कावेरीच्या जुन्या कालव्यांवरचा लेख, कधी घड्याळाच्या यंत्रावरचा, कधी कुठल्या तरी दूरच्या देशातल्या खाणकामगारांवरचा. लेख मात्र लांबलचक हवा. दोन पानांचे काही असले की म्हणत, "हे तर पानपट्टीपाशी उभ्यानेच वाचावे."

सेल्वी चिडवायची. "ताता, बाकीच्या खिडक्यांना कुलूप नाही हो."

"कुलूप नाही, म्हणून तर भीती," ते म्हणत.

एकदा चिठ्ठी घरीच राहिली. आपण काय वाचायला आलो हे त्यांना आठवेना. मी म्हटले, "काका, आलोच आहोत तर दुसरे काही वाचा की." ते उठून उभे राहिले. "कशास बसलो ते ठाऊक नाही, तर बसू नये," म्हणाले आणि उन्हातून पुन्हा घरी चालत आले. मी मागून. तेव्हा मला ही म्हातारपणाची लहर वाटली.

त्यांच्या घरात स्वतःचा संगणक होता हे कळल्यावर तर मला हसूच आले. पुढच्या खोलीत, काळ्या-तपकिरी नऊवारी लुगड्याच्या तुकड्याखाली झाकून ठेवलेला. कॅनडात असलेल्या मुलाने, रमेशने, बसवून दिला होता. टेलिफोनची वायरही भिंतीवर तशीच होती. मी विचारले, "काका, हा घरात असताना आपण उन्हातून चालत का जातो?"

ते लुगड्याची घडी सारखी करत म्हणाले, "घरात नक्को. वाचणे बाहेर जाऊन करावे. घरात माणसं अस्तेत."

घरात कुणीच नव्हते. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. पण मी वाद घातला नाही.

वाचून झाले की ते सेंटरबाहेरच्या बाकावर पाच मिनिटे डोळे मिटून बसत. मग मला पकडत. "ऐक," म्हणत आणि वाचलेला लेख सुरुवातीपासून सांगत. कागद नाही, टिपण नाही. कुठे अडले की कपाळावर बोट आपटत, पण ओळ सोडून पुढे जात नसत. "सांगता येते ते वाचले. बाकी नुस्ते पाह्यले." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. एकदा मी म्हटले, "लेख मध्येच कंटाळवाणा झाला तर?" ते म्हणाले, "लांब लेख म्हणजे घरी आलेला पाव्हणा. त्यास दारांत उभा ठेवून दुसऱ्याशी बोलतेत काय? नको असेल तर नमस्कार करून निरोप दे. पण बैसवलास तर त्याचे ऐक."

या गोष्टींचा मला फार मोठा उपयोग झाला, हे सांगितले पाहिजे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका ग्राहकाने चाळीस पानांची अटींची फाइल मेलने पाठवली होती. मी ती वरवर पाहिली. एका बाजूला गावाकडच्या मित्राशी गप्पा चालू होत्या, दुसऱ्या बाजूला बातम्या. सतराव्या पानावर लेपाच्या जाडीबद्दल एक टीप होती, ती सुटली. सगळा माल परत आला. साहेबांनी सर्वांसमोर विचारले, "फाइल वाचली होती का?" मी "हो" म्हणालो. खोटेही नव्हते, माझी नजर तर त्या पानावरून गेलीच होती. घरी येऊन काकांना सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी ती फाइल छापून आणायला लावली आणि व्हरांड्यात बसवून एकेक पान वाचून घेतले. पान संपले की पालथे ठेवायचे आणि त्यात काय आहे ते सांगायचे. हात मोबाइलकडे गेला की म्हणायचे, "तुझा हात तुझ्याआधी गेला बघ. बोलाव त्यास." चार रविवार लागले. पुढे आमच्या कारखान्यात लांब कागद माझ्याकडे येऊ लागले, कारण मी ते वाचतो असा लौकिक झाला. नोकरी पक्की झाली, घरी बहिणीचे शिक्षण सुरू राहिले. हे सगळे त्या व्हरांड्यात घडले.

मग २००७ साल आले. रमेश वडिलांना कॅनडाला घेऊन जाणार, हे ठरले. काका नाही म्हणत नव्हते आणि होही म्हणत नव्हते. त्याच सुमारास ते सेंटरमध्ये वाचायचे सोडून काहीतरी टंकत बसू लागले. दोन महिने टंकत होते, इंग्रजीत. मराठी त्यांची बोलायची भाषा, लिहायची नव्हे. एके गुरुवारी त्यांनी ते मला मेलने पाठवले. एकसष्ट पाने. वरती एकच ओळ, "कृपया पूर्ण वाचावे. रविवारी कॉफीला ये."

माझ्याकडे तेव्हा स्वतःचा संगणक होता. जुन्या वर्गमित्रांना शोधून देणाऱ्या त्या नव्या साइटवर माझे खाते होते, तिथे रोज कुणी ना कुणी सापडत होते. लग्नासाठी मुलींचे फोटो येत होते. मी फाइल उघडली. कारखान्यातले पहिले दिवस, लेथ मशीन, वरिष्ठांचा शिस्तीचा बडगा. आठ पाने वाचली. मग एक मेसेज आला. शनिवारी पुन्हा उघडली, आणखी तीन पाने झाली. शेवटी काय आहे पाहावे म्हणून शेवटचे पान वाचले. त्यात लहानपणी कावेरीच्या घाटावर आईबरोबर गेल्याची आठवण होती, फार गोड लिहिली होती. मी फाइल बंद केली.

रविवारी सकाळी खाली गेलो. त्यांनी कॉफी केली होती, डबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या खोलगट वाटीत, ओतून चांगली फेसाळवलेली. माझा पेला माझ्यापुढे ठेवून ते आपला डबरा हातात घेऊन उभेच राहिले.

"वाचलेस?"

"हो काका."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. ती घाटाची आठवण तर फारच छान आहे."

"आणि मधले?"

"मधलेही. सगळेच छान आहे. ओघ आहे तुमच्या लिहिण्यात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कॉफी प्यायलो. हॉटेलातल्या कॉफीला ही चव येत नाही, असे काहीतरी बोललोही. ते हळूच खुर्चीवर बसले. "सेरी," म्हणाले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ठीक आहे, इतकाच. मग बराच वेळ त्यांनी हातातला डबरा खाली ठेवला नाही.

तीन आठवड्यांनी ते गेले. विमानतळावर मी बॅगा उचलल्या. आत जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जिंतूर, तुझे बरे होऊ दे," म्हणाले. आणि काचेच्या दारापलीकडे गेल्यावर एकदा थांबून मान वळवून मागे पाहिले. मी हात हलवला. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

पाच महिन्यांनी रमेशचा मेल आला. काका झोपेतच गेले होते. मेल लांब होता. त्याचा आशय असा, की इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबांनी मला सगळे सांगितले. इतकी वर्षे ते बोलू शकले नव्हते. बाबा म्हणाले, वरच्या खोलीतल्या मुलाने सगळे वाचले आणि तरीही तो नेहमीसारखा कॉफी प्यायला आला, म्हणून तुला सांगण्याचा मला धीर झाला. तुम्ही वाचलेत म्हणून आम्हाला हे पाच महिने मिळाले. तुमचे उपकार कसे फेडू?

मला काही कळेना. "सगळे" म्हणजे काय? मी ती फाइल शोधून काढली आणि पहिल्या पानापासून वाचू लागलो. एकेचाळिसाव्या पानावर ते होते.

रमेशने संगणक बसवून दिल्यानंतरच्या एका दुपारची गोष्ट. काका पुढच्या खोलीत त्यावर बसले होते. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असे उघडत चालले होते. आतून काकूंनी हाक मारली, "अहो." ते म्हणाले, "आलो." थोड्या वेळाने पुन्हा हाक आली, जरा हळू. ते पुन्हा म्हणाले, "आलो." तिसरी हाक आली नाही, म्हणून त्यांना वाटले की काम झाले असेल. पाऊण तासाने पाणी प्यायला उठले, तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पडलेल्या होत्या. श्वास चालू होता. तीन दिवसांनी तो थांबला. लवकर आणले असते तर, असे कुणी डॉक्टर म्हणाले नाहीत. काकांनीही विचारले नाही. त्याखाली त्यांनी लिहिले होते, "त्या पाऊण तासात मी काय वाचत होतो, हे मला आठवत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. एक शब्दही आठवत नाही."

आणि पुढे: "रमेशला वाटते की मी त्या वेळी बाजारात गेलो होतो. इथवर वाचत कुणी येईल, जिंतूर, तर तूच एकटा येशील. मला दोष नाही असे तुला वाटत असेल तर काही बोलू नकोस. रविवारी नेहमीसारखा ये आणि कॉफी पी. मी समजेन. दोष आहे असे वाटत असेल तरीही ये, पण तसे सांग."

मी कॉफी प्यायलो होतो. चवीची तारीफ केली होती.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पाठलाग सोडत नाही. ज्या माणसाने तेहतीस वर्षे हाताच्या बोटांनी केसाएवढी चूक ओळखली, त्याला माझ्या तोंडावरून कळले नसेल? "मधले?" असे त्यांनी का विचारले? कळले असेल, तर त्यांनी माझे खोटे उत्तर खरे म्हणून मुलापुढे का ठेवले? आणि कळले नसेल, तर मी न वाचता दिलेला निकाल घेऊन तो माणूस समुद्रापार गेला. यातले कोणते अधिक वाईट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. रस्त्यात, गाडीत, कुठलाही लांब मजकूर उघडला की कुणीतरी मागे उभे राहून मी मध्ये काय गाळतो ते पाहत आहे, असे वाटते. म्हणून गाळत नाही. लोक याला चांगली सवय म्हणतात.

रमेशला तेव्हा मी दोनच ओळी लिहिल्या, की काका मला वडिलांसारखे होते. खरे लिहिले नाही. यंदा तो आवडीचे घर रिकामे करायला आला. मी मदतीला गेलो. तो काकांपेक्षा उंच, पण बसण्याची ढब तीच. व्हरांड्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये आम्ही बसलो.

"अण्णा," तो मला म्हणाला. वयाने मी लहान, तरी अण्णा. "तुम्ही ते वाचलात तेव्हा काय वाटलं तुम्हांस? मज कोणाशी तरी बोलायचं होतं ते."

मी म्हणालो, "तेव्हा मी ते वाचलं नव्हतं."

आपण चुकीचे ऐकले, असे त्याला वाटले. मग मी सगळे सांगितले. अकरा पाने, शेवटचे पान, घाटाची आठवण, कॉफी. तो खोक्याच्या चिकटपट्टीचे टोक नखाने उचकटत राहिला. मला वाटले, आता तो मला उठायला सांगेल.

"आत्ता वाचलंत?" त्याने विचारले.

"तीनदा. शेवटपर्यंत."

"मग आत्ता सांगा. बाबांनी विचारलंय ते. दोष होता काय?"

समोरच्या घरातल्या बाई अंगणात पाणी मारत होत्या, त्यांचे होईपर्यंत थांबलो. माझ्यावर ज्या माणसाचे इतके उपकार, त्याच्या मुलासमोर, त्याच्याच व्हरांड्यात मला हे म्हणायचे होते.

"होता," मी म्हणालो. "थोडा होता."

रमेशने मान हलवली. चिकटपट्टी पुन्हा जागच्या जागी दाबून बसवली.

"मजही तसंच वाटतं," तो म्हणाला. "ते रोज सकाळी विचारायचे. पाच महिने मी रोज नाही म्हणत होतो."